ठिबकचा टायमर, भाग ४: कुलूप लागलं, फ्यूज आत राहिला

मागच्या भागात ठिबकच्या टायमरचा बोर्ड मामांच्या सांगोल्याच्या शेतावर बसवून आलो होतो. बारा व्हॉल्व्ह, ते चालवणारी एक एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलर चिप, आणि कुठला व्हॉल्व्ह किती मिनिटं उघडा ठेवायचा ते आकडे तिच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत. हे आकडे मामांनी डाळिंबाच्या ओळींतून हिंडत, माती मुठीत दाबून बघत, दोन महिन्यांत बसवलेत.

या वेळची अडचण वेगळी. मोटर सुरू होताना पुरवठा दबतो आणि बोर्ड मधूनच अडकतो. ब्राउन-आउटची पातळी, म्हणजे ज्या व्होल्टेजखाली चिप स्वतःला रीसेट करते ती, २.७ व्होल्टवर होती; १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चिपला ती फार खाली. ४.३ करायची म्हणजे एक्स्टेंडेड फ्यूज (चिपमधली कायमची सेटिंग साठवणारा बाइट) हेक्स आकड्यांत एफडीचा एफसी करायचा. चिप सॉकेटमधून काढून घरी आणली, यूएसबीएएसपीला (चिपमध्ये बाहेरून लिहिणारा-वाचणारा प्रोग्रामर) जोडली, कमांड दिली. व्हेरिफिकेशन एरर. वायरी दाबून पुन्हा दिली. फ्यूज परत वाचून पाहिला तर एफडीच.

मग लॉक बाइट, म्हणजे चिपचं कुलूप, वाचला: सीसी. बसवण्याआधी मीच तो लावला होता. त्यातले खालचे दोन बिट शून्य, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामरला फ्लॅश (कोड राहतो ती मेमरी) आणि ईईप्रॉम लिहिणंही बंद, वाचणंही बंद, आणि फ्यूजही गोठलेले. लॉक बिट एकाचा शून्य कधीही होतो. शून्याचा एक करायला चिप इरेजच लागतं. ते फ्लॅश पुसतं, ईईप्रॉम पुसतं, मग कुलूप काढतं.

इरेजची कमांड टाइप करून झाली होती. एंटरवर बोट ठेवलं आणि मामांचे आकडे आठवले.

बाहेरून वाचता येत नसलं तरी चिपमधला कोड स्वतःचं ईईप्रॉम वाचतोच. सिरियलवर 'एस' पाठवलं की सेटिंग्ज छापायची सोय पहिल्या भागातच केली होती. चिप ब्रेडबोर्डवर लावली, बारा ओळी आल्या, वहीत उतरवल्या आणि मामांना फोनवर वाचून दाखवल्या.

"तिसऱ्याला अडतीसच ठेव," ते म्हणाले. "तिथं मुरमाड आहे, जास्त दिलं तर पाणी खाली निघून जातं."

मग इरेज केलं आणि या वेळी क्रम नीट धरला. आधी फ्यूज: एक्स्टेंडेड एफसी, आणि हाय फ्यूज डीईचा डी६. हा डी६ महत्त्वाचा. त्याने ईईसेव्ह लागतो, म्हणजे पुढच्या इरेजमध्ये ईईप्रॉम पुसलं जात नाही. (ज्यांनी ईईप्रॉममध्ये पासवर्ड ठेवलाय त्यांनी हा लावू नये, इरेज करून कुणीही तो वाचेल.) मग बूटलोडरसकट (सिरियलवरून नवा कोड चढवणारा छोटा प्रोग्राम) फ्लॅश, मग बारा आकडे, मग सगळं परत वाचून तपासणं. लॉक सर्वांत शेवटी:

एव्हीआरड्यूड -सी यूएसबीएएसपी -पी एम३२८पी -यू लॉक:डब्ल्यू:०एक्ससीई:एम

सीसीऐवजी सीई. फरक एका बिटाचा, पण आता बाहेरून लिहिणं बंद असलं तरी वाचता येतं. माझा कोड उघडाच आहे, लपवायचं काही नाही. उद्या गरज पडली तर ईईप्रॉम थेट उतरवता येईल. वरचे बूट लॉक बिट तेच ठेवलेत, त्यामुळे बूटलोडरच्या जागेवर एसपीएमने (चिपमधल्या कोडनेच फ्लॅश लिहिण्याची सूचना) लिहिता येत नाही. दबलेल्या व्होल्टेजवर कोड भरकटला तर नेमकं हेच संरक्षण हवं. सिरियलवरून नवा स्केच (माझा प्रोग्राम) मात्र पूर्वीसारखाच चढतो, कारण खालचे दोन बिट फक्त बाहेरच्या प्रोग्रामरला अडवतात.

माझा एक गैरसमजही गेला. कुलूप लावलं की चिप कुणी पुसू शकणार नाही असं मी धरून चाललो होतो. या चिपवर इरेज कुठलाच लॉक बिट अडवत नाही. प्रोग्रामर हातात असलेला माणूस चिप कोरी करू शकतोच, म्हणून कोडची हेक्स फाइल आणि ईईप्रॉमची प्रत आता पेनड्राइव्हवर मामांच्या कपाटात ठेवली आहे.

रविवारी चिप परत बसवली. मोटर सहा वेळा चालू-बंद केली. बोर्ड दोनदा रीसेट झाला आणि दोन्ही वेळा आपला आपण उठून पुन्हा चालू लागला. अडकला एकदाही नाही. ते दोन रीसेट मला अजून खटकतात. पुढच्या खेपेला पुरवठ्यावर मोठा कपॅसिटर लावून बघतो.