भुरभुर पावसातला हिरवा

पडद्यांच्या कापडावरची डिझाइन्स करणं हे माझं काम. त्या आठवड्यात ‘हिवाळा’ या विषयावरचं एक डिझाइन द्यायचं होतं आणि ते काही केल्या जमत नव्हतं. पांढरा, बर्फाळ निळा, चंदेरी, सगळं लावून झालं. कागदावर छान दिसायचं, पण त्यात हिवाळा कुठेच नव्हता. खिडकीबाहेर मात्र तो मुक्कामालाच आलेला. सूर्याचा पत्ता नाही, आभाळ खाली उतरलेलं, मधूनच भुरभुर. ‘एकदाचं ऊन पडू दे’ एवढंच जो तो म्हणत होता.

दुपारी डोळे पार शिणले, तेव्हा कोट चढवला आणि स्टुडिओमागच्या झाडीत शिरले.

पानगळ केव्हाच होऊन गेली होती. लांबून पाहिलं तर सगळं एकाच करड्या रंगात बुडालेलं. पण एका खोडाजवळ थांबले आणि नजर तिथेच अडकली. साल पावसानं भिजून जवळजवळ काळी झाली होती, आणि त्या काळ्यावर दगडफुलांचे गोल गोल चट्टे, इतके हिरवे की आतून उजेड असावा असं वाटावं. त्यांच्या कडा किंचित वर वळलेल्या, कडेखालचा भाग फिकट. शेजारच्या फटीत मॉसची, म्हणजे ओलाव्यात वाढणाऱ्या इवल्या हिरव्या वनस्पतीची गादी, तिच्यातून केसाएवढे बारीक तांबूस देठ वर आलेले, प्रत्येक देठाच्या टोकाला एक इवलीशी कुपी आणि कुपीला लोंबणारा पाण्याचा थेंब. त्या थेंबात उलटं झालेलं आख्खं झाड दिसत होतं. मी किती वेळ वाकून उभी होते कोण जाणे. मान अवघडली तेव्हा भानावर आले.

असं का दिसतं, याला कारण आहे. उन्हात प्रकाश एका बाजूनं येतो, निम्मी वस्तू झळाळते आणि निम्मी सावलीत जाते. ढगाळ दिवशी सगळं आभाळच दिवा होतं. सावल्या विरतात आणि रंग सगळीकडून सारखा उजळतो. शिवाय ओल्या पृष्ठभागावर प्रकाश कमी विखुरतो, त्यामुळे रंग गडद होतात. कापडाच्या छटा तपासायला आमच्याकडे लाइट बॉक्स असतो. त्यातली डी-६५ नावाची नळी साधारण ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप), म्हणजे दिवसाचा सरासरी उजेड देते, आणि ढगाळ आभाळाचा उजेडही बहुतेक वेळा त्याच्याच आसपास असतो. ज्या उजेडासाठी आम्ही काळजीपूर्वक यंत्र लावतो, तो त्या दुपारी बाहेर सगळीकडे पसरला होता. फ्रेंच चित्रकार मोने १८९९ ते १९०१ या काळात पुन्हा पुन्हा लंडनला गेला तो तिथल्या धुक्यातला प्रकाश रंगवायला, हे वाचलेलं होतं. त्यामागची ओढ मला त्या झाडाखाली उमगली.

खाली एक वाळकी फांदी पडली होती, दगडफुलांनी भरलेली. तीच उचलली. खोडावरून खरवडून आणायची नाहीत. बरीचशी दगडफुलं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. नखानं काढलेला तुकडा भरून यायला कितीतरी वर्षं जातील.

स्टुडिओत आल्यावर फांदी टेबलावर ठेवून मी रंग घोटायला बसले. काळा बाजूला सारला. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी कमीजास्त प्रमाणात मिसळत राहिले, तर त्या दोनांतूनच निळसर, तपकिरी, धुरकट असे एकाहून एक करडे निघाले. मग हिरव्यासाठी मान वर केली, आणि हिरवा नाहीच! हीटरच्या उबेनं फांदी सुकली होती. दगडफुलं फिकट राखाडी, कडक, अगदी कागदासारखी.

आमचे कलर मास्टर मागून येऊन उभे राहिले. “काय गं, या काडीवर एवढी खूश का?”

“मास्टर, थांबा जरा. नुसतं बघा.”

ब्रशनं पाणी शिंपडलं. मिनिटभरात राखाडीतून हिरवा वर आला, आधी ठिपक्याठिपक्यांनी, मग सगळीकडे. मास्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फांदी थेट नाकाशी धरली. “पुन्हा सुकव बघू,” म्हणाले. तीस वर्षं रंग जुळवणाऱ्या माणसाला असं हरखलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. वरचा थर बुरशीचा. तो कोरडा असला की अपारदर्शक असतो, भिजला की पारदर्शक होतो आणि खालचं हिरवं शैवाल दिसू लागतं. प्रकाशसंश्लेषणही ओलाव्यातच चालतं. कोरडं पडलं की सगळं थांबतं, पुढच्या ओलाव्याची वाट बघत. मॉसचंही तसंच. त्याला खरी मुळं नसतात, पाणी थेट पानांतून शोषलं जातं. आपण ज्या दिवसाला मरगळलेला म्हणतो, तो यांचा भर कामाचा दिवस! हे कळल्यापासून ढगाळ सकाळी मला घरात बसवत नाही.

डिझाइन त्याच संध्याकाळी मार्गी लागलं. नक्षी एकच, कलरवे, म्हणजे तिच्या रंगसंगती, दोन: सुका आणि ओला. सुक्यात नुसत्या करड्या छटा. ओल्यात जमीन, म्हणजे नक्षीमागचा रंग, गडद आणि त्यावर तो हिरवा. हिरव्यानं मात्र घाम काढला. पहिल्या स्ट्राइक-ऑफमध्ये, म्हणजे कापडावरच्या नमुना छपाईत, तो पोपटी आला, दुसऱ्यात मळका. मास्टर दर वेळी फांदी ओली करून लाइट बॉक्समध्ये कापडाशेजारी धरायचे आणि “अजून पिवळा कमी” म्हणून छपाईच्या रंगाची पेस्ट परत पाठवायचे. शेवटी जुळला, तेव्हा त्यांनी ती रेसिपी स्वतःच्या वहीत उतरवून घेतली.

ग्राहकानं दोन्ही कलरवे घेतले. सध्या मी उघड्या फांद्यांवरच्या कळ्या काढते आहे. त्या उन्हाळ्यातच तयार होऊन खवल्यांआड मिटलेल्या असतात, आणि प्रत्येक कळीखाली गळून गेलेल्या पानाचा व्रण असतो. त्या व्रणातले बारीक ठिपके म्हणजे पानाला पाणी पोचवणाऱ्या नळ्यांची तुटलेली टोकं. झाडागणिक व्रणाचा आकार वेगळा, ठिपक्यांची मांडणी वेगळी. पुढच्या डिझाइनचा रिपीट, म्हणजे कापडभर पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, मी त्या ठिपक्यांवरच बांधते आहे.