अ‍ॅड-ऑन छोटं, पण रॅम आणि डिस्क खाणारं: माझा अनुभव

संस्थेची साधारण २०,००० नावांची संपर्क यादी मी सांभाळते. मूळ सॉफ्टवेअर साधंच, पण त्याला तीन अ‍ॅड-ऑन (म्हणजे वरून जोडायचे छोटे पूरक प्रोग्राम) जोडलेली. एक डुप्लिकेट नावं शोधणारं, एक प्रत्येक नावापुढे फोटो आणणारं आणि एक मेल-फोनचा इतिहास त्या त्या माणसाच्या नोंदीला जोडणारं. हळूहळू टाइप केलेली अक्षरं उशिरा उमटू लागली, यादी नुसती खाली सरकवली तरी स्क्रीन गोठायची. ‘रॅम वाढवा’ असा सल्ला मिळाला. मला मात्र आधी बघायचं होतं, की मेमरी नेमकं कोण खातंय.

अ‍ॅड-ऑनच्या माहितीत ‘जागा: काही एमबी’ एवढंच लिहिलेलं असतं. तो आकडा फक्त प्रोग्रामच्या फायलींचा. आपला डेटा आत गेल्यावर ते किती फुगेल, याचा त्यात पत्ताच नसतो आणि हे मला खरोखर खटकतं.

कोणता प्रोग्राम किती मेमरी वापरतोय हे दाखवणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येही लगेच उलगडा झाला नाही. ही अ‍ॅड-ऑन मूळ सॉफ्टवेअरच्याच प्रोसेसमध्ये (म्हणजे चालू असलेल्या प्रोग्राममध्येच) चालत असल्यामुळे सगळा खर्च त्याच एका नावावर पडत होता. मग तिन्ही बंद करून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं आणि मेमरीचा आकडा लिहून ठेवला. नंतर एकेक चालू करत गेले. दर वेळी काम तेच: उघडायचं, एक नाव शोधायचं, यादी तळापर्यंत न्यायची आणि आकडा टिपायचा.

सर्वांत भारी निघालं फोटोवालं. एका माणसाचं नाव, नंबर, पत्ता मिळून एक-दोन केबीसुद्धा होत नाही. पण १०० केबीचा फोटो व्हीकार्डमध्ये (संपर्काची माहिती साठवणाऱ्या फाइलमध्ये) घातला, की तो बेस६४ या, फाइल अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीने मजकूर बनून बसतो. त्यात दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात, म्हणजे फोटो १३३ केबींच्या आसपास जातो. ही झाली डिस्कवरची गोष्ट. रॅममध्ये तोच फोटो उलगडून ठेवावा लागतो, तिथे जेपेग या फोटो दाबून लहान करणाऱ्या प्रकाराची बचत उपयोगाची नाही. १००० बाय १००० पिक्सेलचं चित्र, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे ४० लाख बाइट. स्क्रीनवर दिसतो तो अंगठ्याएवढा चौकोन! तो ९६ बाय ९६ चा करून ठेवला असता, तर ३७,००० बाइटांत भागलं असतं. यादी सरकवताना हे मोठे फोटो मेमरीत साचत जात होते.

आणि आमचं सॉफ्टवेअर ३२ बिटचं. विंडोजवर अशा प्रोसेसला साधारण २ जीबी, फार तर ४ जीबी अ‍ॅड्रेस स्पेस, म्हणजे वापरता येईल एवढी मेमरीची हद्द मिळते. त्यामुळे नवी रॅम बसवूनही या प्रोसेसची मर्यादा तीच राहिली असती.

डुप्लिकेट शोधणारं अ‍ॅड-ऑन प्रत्येक नाव बाकी प्रत्येक नावाशी ताडून बघत होतं. २०,००० नावांच्या जवळपास २० कोटी जोड्या होतात. सेटिंगमध्ये ‘फक्त समान फोन किंवा ईमेल असलेल्या नोंदी’ हा पर्याय होता, तो निवडला आणि प्रश्न मिटला.

इतिहासवाल्याचा भार डिस्कवर होता. जुन्या नोंदी पुसल्या तरी त्याची एसक्यूलाइट फाइल (सगळा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेस) होती तेवढीच राहिली. रिकामी झालेली पानं, म्हणजे फाइलच्या आतले जागेचे तुकडे, फाइल स्वतःकडेच राखून ठेवते. ‘व्हॅक्यूम’ ही फाइल नव्याने रचणारी आज्ञा चालवल्यावर ती आकसते. मात्र त्या वेळी डिस्कवर मूळ फाइलच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते, ती आधी करून घ्यावी. मी तसंच केलं.

फोटोवालं शेवटी काढूनच टाकलं. त्याआधी पूर्ण यादी एक्सपोर्ट करून बॅकअप घेतला. काढल्यानंतरही प्रोफाइलच्या फोल्डरात त्याची कॅशे (पुन्हा लागेल म्हणून साठवलेल्या फायली) तशीच पडून होती. सॉफ्टवेअर बंद करून ती हाताने पुसली, तेव्हा कुठे डिस्कवरची जागा परत मिळाली.