आमची वाटचाल : सड्यावरच्या वीतभर मातीसाठी

२००८ साली कोल्हापुरात दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत आम्ही दोघांनी जमीन मोजणीचं आणि माती तपासणीचं काम सुरू केलं. मी मृदाशास्त्र शिकलेला, भागीदार सर्व्हेअर. भांडवल म्हणजे एक जुनं टोटल स्टेशन म्हणजे मोजणीचं यंत्र, दोन ऑगर म्हणजे माती काढायची गिरमिटं, टिकाव, पहार आणि माझी मोटारसायकल. मातीचे नमुने आमच्याच गच्चीवर सावलीत वाळायचे. ते कुटून दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढायचं काम माझ्या बायकोने पहिली चार वर्षं विनापगार केलं, हे इथे लिहून ठेवलंच पाहिजे.

सुरुवातीची कामं गोव्यातली, डिचोली-सांग्याकडच्या लोहखनिजाच्या खाणींवर डंपची, म्हणजे टाकाऊ दगडमातीच्या ढिगांची, मापं घेण्याची. २०१२च्या सप्टेंबरात तिथलं खाणकाम थांबलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि आमची बिलं अडकली ती अडकलीच. वर्षभर शेतकऱ्यांच्या जमिनी मोजून दिवस काढले. मग कोल्हापूरच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावर, बॉक्साइटच्या एका खाणपट्ट्याचं माती सर्वेक्षण मिळालं. आमची खरी शाळा तिथे सुरू झाली.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. वर काळवंडलेला कातळ, त्यावर कुठे दोन बोटं तर कुठे हातभर माती. जांभ्याच्या पोटात बॉक्साइट, खाली पांढुरकी चिकणमाती आणि तळाला काळा बेसॉल्ट. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं, म्हणून हे खनिज असं माथ्यावर सापडतं. पण त्याच्यापर्यंत जायचं तर आधी वरची माती काढावी लागते. ती वेगळी काढायची, वेगळी साठवायची आणि खाणीची जमीन पुन्हा उभी करायला वापरायची, असं खनिज संवर्धन आणि विकास नियम सांगतात. ती कुठे किती आहे हे सांगणं आमचं काम.

तिथेच आम्ही चुकलो. दर शंभर मीटरला एक खड्डा घेतला, संगणकाने मधल्या जागा गुळगुळीत भरून दिल्या आणि अहवालात आम्ही लिहिलं : सरासरी खोली २५ सेंटीमीटर. पोकलेनने, म्हणजे खोदकामाच्या यंत्राने, सगळीकडे २५ सेंटीमीटर खरवडलं. जिथे पाचच सेंटीमीटर माती होती तिथे खालचा जांभ्याचा चुरा तिच्यात मिसळला. जिथे साठ होती तिथली उरलेली माती दगडांबरोबर डंपवर गेली. दहा सेंटीमीटरचा फरक म्हणजे हेक्टरी हजार घनमीटर माती, टिपरच्या सव्वाशे खेपा. पुढच्या पावसाळ्यात साठवलेल्या मातीच्या ढिगावर गवत आलं ते ठिगळाठिगळांनी. पोकलेनवाल्याने आमचाच आकडा पाळला होता.

जवळच्या धनगरवाड्यावरच्या एका आजींनी मला हाताला धरून जागेवर नेलं. ‘‘बाळा, तुमच्या दोन खड्ड्यांच्या मधी ही लवण हाय, खोलगट जागा. हितं म्हशी बसत्यात. चैतापतोर गारवा असतोय.’’ मी वाकून सळई खुपसली, ती कोपरापर्यंत आत गेली. दहा पावलांवर तीच सळई खणकन कातळावर वाजली.

त्या दिवसापासून कामाची पद्धत बदलली. आता पहिले तीन-चार दिवस यंत्रं गाडीतच राहतात. वाड्यावरचं माणूस बरोबर घेऊन अख्खा सडा पायी फिरायचा. गवत, दगड, उतार आणि पाणी कुठे तुंबतं हे बघून सीमा आखायच्या आणि मग खड्डे. सीमेजवळ दर दहा मीटरला सळई. खड्ड्याची एक भिंत सुरीने सोलून थर मोजायचे, ओल्या ढेकळाचा रंग मन्सेलच्या पुस्तकातल्या रंगांच्या नमुन्यांशी ताडून बघायचा, तोही भर उन्हात. धुक्यात किंवा संध्याकाळी घेतलेला रंग मी नोंदवू देत नाही. पाणी मुरण्याचा वेग मोजायला दुहेरी कडी, म्हणजे जमिनीत ठोकलेली एकात एक दोन लोखंडी कडी. खड्डा परत भरताना ज्या थराची माती त्याच थरात.

ड्रोन आम्ही २०२१च्या नव्या नियमांनंतर घेतला. काम झपाट्याने होतं, पण तो झाडोऱ्याचा माथा बघतो. कारवीच्या रानात त्याची ‘जमीन’ पुरुषभर उंच येते, म्हणून डीजीपीएसने, म्हणजे उपग्रहांवरून अचूक जागा सांगणाऱ्या यंत्राने, जमिनीवरचे बिंदू घेतल्याशिवाय आमचा नकाशा बाहेर जात नाही.

आणखी एक हट्ट. दोन बोटं मातीचे तुकडे पूर्वी आम्ही ‘माती नाही’ म्हणून नकाशावर पांढरे सोडायचो. भाद्रपदात त्याच तुकड्यांवर सीतेची आसवं आणि गेंद ही सड्यावरची रानफुलं फुलतात. आता त्यांना स्वतंत्र रंग आहे, आणि ते शक्यतो खोदू नयेत ही शिफारस अहवालाच्या पहिल्या पानावर असते. काही ठिकाणी ती मानली गेली. सगळीकडे नाही, आणि ते मला सलतं.

आज आम्ही अकरा जण आहोत. गेल्या जानेवारीत माती परत पसरलेल्या एका पट्ट्यात खड्डा घेतला. वरच्या बारा सेंटीमीटरात पांढरी मुळं दाट भरली होती. त्याखाली टिपरच्या चाकांनी दाबलेला थर, मुळं तिथे आडवी वळलेली. पावसाआधी तो थर नांगरून फोडायला खाणवाल्यांना सांगितलं आणि त्यांनी ते केलंही. येत्या नोव्हेंबरात, धुकं उठलं की, त्याच्या शेजारीच पुढचा खड्डा घेणार आहोत.