खुझेस्तान: विटा, पाणी आणि बराचसा ऊस

इराणला जाणारे बहुतेकजण शिराझ-इस्फहान करून परततात. आम्ही फेब्रुवारीत नैर्ऋत्येकडच्या खुझेस्तानात चार दिवस काढले. पर्शियन सम्राट दारियसच्या कितीतरी आधी इथे एलामी या प्राचीन लोकांचं राज्य होतं.

पहिला मुक्काम शुश, म्हणजे प्राचीन सुसा. बॅबिलोनचा राजा हम्मुराबीच्या कायद्यांचा स्तंभ इथेच सापडला, पण आता तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, झिलईच्या विटांमधले दारियसचे धनुर्धारीही तिकडेच. शुशात उरलेत राजवाड्यातल्या खांबांचे पाय. टेकडीवरचा किल्ला प्राचीन वाटतो, पण तो फ्रेंच उत्खनकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वतःला राहायला बांधला. त्यात चक्क उत्खननातल्या विटा वापरल्यात! इथे अर्धा दिवस पुरे.

चोगा झनबिलसाठी मात्र वेळ राखा. वाटेत हफ्त तपेच्या आसपास दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आम्ही कोल्हापूरकर, म्हटलं हे बघायला एवढ्या लांब आलो का? एलामी राजा उंताश-नापिरिशाने इ.स.पू. 1250च्या सुमारास चोगा झनबिलला पायऱ्या-पायऱ्यांचं मंदिर उभारलं. तळाची बाजू सुमारे 105 मीटर, उंची एकेकाळी 50 मीटरच्या वर होती असं मानतात. आता निम्मीही नाही. आतला गाभा कच्च्या विटांचा, बाहेरचं आवरण भाजलेल्या. ठरावीक थरांनंतर राजाचं नाव कोरलेल्या विटांची ओळ येते. फरशीत एका लहान मुलाच्या पावलाचा ठसा आहे, रखवालदाराला विचारा, तो दाखवतो. सावली कुठेच नाही, पाणी बरोबर न्या.

राहायला शुश्तर धरा. गर्गर कालव्याचं पाणी बोगद्यांतून आणून खाली सोडलंय, त्यावर पाणचक्क्या चालत. संध्याकाळी तिथे नुसतं बसावं. जवळच बंद-ए-कैसर हा मोडका बंधारा-पूल. 260 साली पर्शियन राजा शापूर पहिल्याने रोमन सम्राट व्हॅलेरियनला पकडलं, व्हॅलेरियनच्या कैद झालेल्या सैनिकांनी हा बांधला अशी आख्यायिका आहे. जुन्या घरांखाली खोल खोदलेली शवादान नावाची तळघरं असतात. उन्हाळ्यात पारा 50च्या आसपास जातो, लोक दुपार तिथेच काढत. म्हणून मे ते सप्टेंबर जाऊ नका.

पैशांचं सांगतो. भारतीय कार्ड तिथे चालत नाही, रोख युरो किंवा डॉलर न्या. नोटांवर रियाल छापलेलं, बोलण्यात तोमान, आणि एक तोमान म्हणजे 10 रियाल. पहिल्या दिवशी मी टॅक्सीवाल्याला दसपट पैसे दिले, त्याने हसून परत केले. बायकांना डोक्यावर रुमाल घ्यावा लागतो. व्हिसाचे नियम आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची सूचना तिकीट काढण्याआधी बघा, तिथली परिस्थिती झपाट्याने पालटते.

आणि शेवटचा दिवस मोकळा ठेवा. इराकच्या सीमेवरची हूर-अल-अझीमची पाणथळ जमीन आटत चाललीय, तिथून धूळ उडते आणि इराककडूनही येते. आमच्या परतीच्या सकाळी खुझेस्तानची राजधानी अहवाझला समोरची इमारत दिसत नव्हती. विमान रद्द झालं आणि आम्ही रात्रभर रेल्वेने तेहरान गाठलं.