तुम्ही विचारलंत म्हणून: आयक्यू किती आला?

नाशिकला गंगापूर रोडवर मी लहान मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेते. सीनियर केजीतल्या मुलांचे आईबाप खोलीच्या दारातच विचारतात, "मॅडम, आयक्यू किती आला?" बुद्ध्यांकाचा हा आकडा मी देते, पण देताना जीभ जड होते.

परवाचंच घ्या. पाच वर्षांचा मुलगा, पंचवटीहून येताना रिक्षात झोपलेला, अर्धवट जागा. समोर सेगुइनची पाटी: दहा लाकडी आकार, दहा खाचा. तीन फेऱ्या, त्यातला सगळ्यांत कमी वेळ धरायचा. हा प्राणी प्रत्येक तुकडा उलटा करून खालची बाजू बघणार, मगच बसवणार. चांदणी हातात घेऊन म्हणाला, "हिला टोकं टोचत नाहीत?" चूक एकही नाही, घड्याळाच्या हिशेबात मात्र मागे.

मग मी डब्यातली द्राक्षं काढली. पाच-पाचच्या दोन ओळी. सारखी? "सारखी." एक ओळ लांब पसरली. आता? "ही जास्त." मोजायला लावलं, दोन्हीकडे पाच मोजली आणि तरी, "ही जास्त." आईचा चेहरा उतरला.

अहो, या वयात हे असंच असतं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांना अशाच ओळी दाखवल्या होत्या. मोजलेल्यापेक्षा डोळ्यांना दिसलेलं मुलांना खरं वाटतं. पुढे सहा-सात वर्षांचं होता होता उत्तर बदलतं, शिकवणी न लावता.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांनी 1905 साली पॅरिसमध्ये बुद्धीची पहिली मोजपट्टी केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. व्ही. व्ही. कामत यांनी ती आपल्या मराठी-कानडी मुलांसाठी बेतली. प्रवेशाच्या रांगेत कोण पुढे, हे ठरवणं तिचं काम नव्हतं. एका शाळेने तर माझ्याकडे "120 च्या वरचं सर्टिफिकेट" मागितलं होतं. दिलं नाही.

चाचणी मी घेते ती वेगळ्याच गोष्टींसाठी. मागे एका मुलीला तोंडी प्रश्नांत फार कमी गुण पडले, चित्रांत मात्र उत्तम. कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तर पडद्यामागे पाणी साठलेलं. बिचारीला प्रश्नच नीट ऐकू येत नव्हते.

आणि तो द्राक्षंवाला? निघताना त्याने लांब ओळ स्वतः उचलली आणि आखूड ओळ आईपुढे सरकवली.