आमची वाटचाल: शाळकरी मुलांचं बायबल, चर्चपासून बांधणीपर्यंत

जपमाळा, मेणबत्त्या, कम्युनियनच्या पत्रिका आणि डिसेंबरात नाताळच्या गोठ्याचं (येशूजन्माच्या देखाव्याचं) सामान, या मालावर आमचं ठाण्यातलं दुकान उभं राहिलं. बायबलच्या प्रती तेव्हा एका फळीवर मावायच्या. आज निम्मी भिंत शाळकरी मुलांच्या प्रतींनी भरलेली आहे, आणि त्या किमतीनुसार किंवा वयानुसार लावलेल्या नाहीत, चर्चनुसार लावलेल्या आहेत. ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवर आमचं गिऱ्हाईक कोण आहे ते पाहिलं की कारण कळतं. इकडे ईस्ट इंडियन आणि गोवेकर कॅथलिक, अहिल्यानगर-जालन्याकडून आलेली मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबं. तिकडे वाशी-नेरूळला मंगळुरी, तमिळ आणि मोठ्या संख्येने केरळी.

म्हणून आमचा पहिला प्रश्न ‘मुलगा कितवीत?’ हा नसतो. ‘रविवारी कुठे जाता?’ हा असतो. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात, ३९ जुन्या करारात आणि २७ नव्या करारात. कॅथलिक बायबलमध्ये ७३. तोबित, युदिथ, मक्काबींची दोन, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख ही सात जास्तीची पुस्तकं जुन्या करारात येतात, शिवाय एस्तेर आणि दानिएल ही पुस्तकं लांब असतात. तपासायची सोपी खूण म्हणजे दानिएल. बारा अध्यायांत संपला तर प्रॉटेस्टंट प्रत, चौदा असतील तर कॅथलिक. काही प्रतींत मात्र ही पुस्तकं आणि भर दोन करारांच्या मध्ये वेगळ्या गटात छापतात, तेव्हा अनुक्रमणिका शेवटपर्यंत वाचावी. कॅथलिक प्रतीत शीर्षकपानाच्या मागे ‘इंप्रिमातुर’ (छापायला चर्चची परवानगी) आणि बिशपांचं नाव असतं, तेही बघून घ्यावं. केरळी कुटुंबांत जरा जास्त विचारावं लागतं: सिरो-मलबार कॅथलिक आहेत, त्यांना ७३, मार थोमा असतील तर ६६, ऑर्थोडॉक्स असतील तर आम्ही आधी अच्चनना (त्यांच्या धर्मगुरूंना) विचारून यायला सांगतो.

इंग्रजी प्रतींत इथेच गडबड होते. भारतातल्या कॅथलिक चर्चमध्ये इंग्रजी मिस्साची (उपासनेची) वाचनं २०२० सालच्या झावळ्यांच्या रविवारापासून (ईस्टरच्या आधीचा रविवार) ईएसव्ही, म्हणजे इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जन, या भाषांतराच्या कॅथलिक आवृत्तीतून होतात. पण ईएसव्ही हे मुळात २००१ सालचं प्रॉटेस्टंट भाषांतर. त्यामुळे पाठीवर ‘ईएसव्ही’ एवढंच वाचून ऑनलाइन मागवलेली प्रत ६६ पुस्तकांची निघते. ‘कॅथलिक एडिशन’ हे शब्द कव्हरवर दिसल्याशिवाय घेऊ नये.

दुसरा घोळ वचनांच्या क्रमांकांचा. तो पालकांना माहीत नसतो आणि पाठांतर स्पर्धेच्या आदल्या रात्री कळतो. एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन) या इंग्रजी भाषांतरात मत्तयाच्या १७व्या अध्यायात २०नंतर थेट २२ येतं. पान फाटलेलं नाही, छपाई चुकलेली नाही. वचनांचे आजचे क्रमांक १५५१ सालच्या ग्रीक नव्या करारापासून चालत आलेत. पुढे जास्त जुनी हस्तलिखितं हाती आली आणि त्यांत ते वचन नव्हतं, म्हणून ते तळटीपेत गेलं. मत्तय १८:११ आणि प्रेषितांची कृत्ये ८:३७ यांचंही तेच. काही कॅथलिक भाषांतरांत स्तोत्राचं शीर्षकसुद्धा वचन म्हणून मोजलेलं असतं. त्यामुळे ५१व्या स्तोत्राचं पहिलं वचन तिथे तिसरं होतं. मलाखी कुठे तीन अध्यायांचा, कुठे चार. यातलं काहीच चुकीचं नाही, फक्त वर्गातल्या शिक्षिकेच्या हातात एक आणि मुलाच्या हातात दुसरं असं नको. संडे स्कूल किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गात कुठली आवृत्ती चालते ते विचारून त्याच आवृत्तीची प्रत घ्यावी, भले ती दिसायला साधी असो.

आवृत्ती मोकळी ठेवलेली असेल तर मग भाषेचा विचार. इंग्रजीत इंटरनॅशनल चिल्ड्रन्स बायबल (पूर्ण बायबल १९८६) आणि एनआयआरव्ही (न्यू इंटरनॅशनल रीडर्स व्हर्जन, १९९६) ही दोन्ही लहान वाक्यांची, साधारण तिसरीच्या पातळीची. गुड न्यूज (१९७६) पाचवी-सहावीपासून चांगलं चालतं. रेघांची चित्रं आहेत, आणि कॅथलिक आवृत्तीही मिळते. एनआयव्ही सातवी-आठवीला. किंग जेम्स, म्हणजे १६११ची भाषा, शाळकरी मुलाच्या हाती एकुलती एक प्रत म्हणून देऊ नये, आजोबांची कितीही आवडती असो. पण जाहिरातीतली ‘ग्रेड’ अमेरिकन मुलांवर मोजलेली असते. घरी मराठी, कोकणी किंवा मल्याळम बोलणाऱ्या मुलासाठी ती एक-दोन इयत्तांनी खाली धरावी, असं आमचं मत आहे.

मराठीत बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सर्वांत जास्त वाचलं जातं. पाठांतर त्याच्यातूनच होतं, तेव्हा आठवी-नववीच्या मुलाने ते घेतलेलं बरं. धाकट्यांना त्यातली लांब वाक्यं आणि ‘प्रायश्चित्त’, ‘नीतिमत्त्व’ असे शब्द अडवतात, त्यांच्यासाठी सोप्या मराठीतलं भाषांतर जोडीला ठेवावं. कॅथलिक घरांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ मागतात. त्याच्या नव्या कराराला साहित्य अकादमीचा २०१३चा अनुवाद पुरस्कार आहे. टिपांमुळे ते मोठ्या मुलांना आणि खरं तर आईवडिलांनाच जास्त उपयोगी पडतं. इंग्रजी माध्यमातली पुष्कळ मुलं मराठी अस्खलित बोलतात, पण देवनागरी अडखळत वाचतात. अशांना मराठी-इंग्रजी समोरासमोर छापलेला नवा करार द्यावा. तसं पूर्ण बायबल घेतलं तर वजन मुलाला पेलत नाही.

वाचून बघितल्याशिवाय प्रत घ्यायची नाही, हा आमचा नियम. काउंटरवर मुलाला तीन ठिकाणं मोठ्याने वाचायला देतो: लूक १५ मधला उधळ्या पुत्राचा दृष्टान्त, २३वं स्तोत्र आणि इफिसकरांस १:३-१४. दर अडलेल्या शब्दाला एक बोट. पान संपायच्या आत पाचही बोटं उघडली तर ते भाषांतर अजून जड आहे. दृष्टान्त बहुतेक सगळ्यांना जमतो, स्तोत्र पाठ असतं. खरी परीक्षा इफिसकरांची, कारण मूळ ग्रीकमध्ये त्या बारा वचनांचं एकच वाक्य आहे आणि चांगला भाषांतरकार ते कुठे तोडतो ते लगेच दिसतं. आईवडिलांनी मध्ये उच्चार सांगू नयेत. सांगतातच.

आठ वर्षांखालच्या मुलाला पूर्ण बायबल द्यायची घाई नको, चित्रकथांचं बायबल पुरतं. मात्र त्यातही चांगलं-वाईट असतं. आम्ही नवीन पुस्तक घेताना चार पानं उघडतो. एदेन बागेत सफरचंद आहे का? उत्पत्तीत नुसतं ‘फळ’ आहे. नोहाच्या तारवात सगळेच प्राणी दोन-दोन आहेत का? उत्पत्ती ७:२ मध्ये शुद्ध पशू सात-सात आहेत. योनाला देवमासा गिळतो की ‘मोठा मासा’? आणि मागी लोक (बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) तीनच असून गोठ्यात पोचलेत का? मत्तय संख्या देत नाही आणि त्यांना ‘घरात’ नेतो. चारही ठिकाणी चूक निघाली तर लेखकाने मूळ उघडून पाहिलेलं नाही असं समजून पुस्तक परत जातं. एखाद्या चुकीवर मात्र आम्ही अडून बसत नाही. संवाद मनाने घातलेत का, तेही बघावं. नाही तर मूल ते बायबलचंच वाक्य म्हणून वर्गात सांगतं.

पूर्ण बायबलमध्ये शास्ते १९ किंवा २ शमुवेल १३ यांसारखे हिंसेचे अध्याय असतातच, कुठलीही पूर्ण प्रत ते गाळत नाही. उपाय एवढाच की पहिल्या पानापासून वाचायला लावू नये. मार्क सर्वांत लहान शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचं पुस्तक), १६ अध्याय, तिथून सुरुवात. मग लूक, मग उत्पत्ती, निर्गमचे पहिले वीस अध्याय, रूथ.

आता कागद आणि बांधणी. बायबलचा कागद २८ ते ४० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम), वहीचा साधारण ५४च्या पुढे. पातळ कागदावर मागची ओळ दिसते, म्हणून प्रत दुकानाच्या दिव्याखाली न बघता दारापाशी उजेडात धरून बघावी. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, त्यामुळे १० पॉइंटचा मराठी टाइप इंग्रजीपेक्षा बारीक वाटतो. अनुस्वार आणि रफार वेगळे ओळखू येत नसतील तर पुढचा आकार घ्या. प्रत मधोमध उघडून टेबलावर ठेवा. शिवलेली असेल तर सपाट बसते, नुसत्या गोंदाची असेल तर मिटू बघते आणि वर्ष-दोन वर्षांत पानं सुटतात. चेनचं कव्हर मुलांना हमखास आवडतं, पण चेनचे दात पानांच्या कडा खातात. जेल पेन आणि ओला हायलायटर आरपार उमटतो. रंगीत पेन्सिल द्या. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असावं, असं २०२०चं शालेय दप्तर धोरण सांगतं. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो, त्यातलं एक किलो बायबलनेच खाल्लं तर वह्या कुठे जाणार? घरी पूर्ण प्रत, दप्तरात नवा करार.

पावसाळ्यात भिजलेली प्रत उन्हात किंवा इस्त्रीखाली सुकवू नये, कागद लाटेसारखा होतो आणि बांधणीचा गोंद तडकतो. दर वीसेक पानांत टिपकागद घालून पंख्याखाली उभी ठेवावी, कागद दमट झाला की बदलावा.

चर्चच्या एकगठ्ठा मागणीत प्रत्येक प्रत उघडून बघावी लागते. बायबल १६ किंवा ३२ पानांच्या फर्म्यांनी (एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुडग्यांनी) बांधतात. एखादा फर्मा गळला की पानक्रमांक तेवढ्याने उडी मारतो, दोनदा लागला की तीच पानं परत येतात. सोनेरी कडांची पानं नवी असताना चिकटलेली असतात, ती मुलाच्या हाती देण्याआधी हलक्या हाताने सोडवावी, ओढली तर कोपरे फाटतात. रेक्झिनवर सोनेरी नाव टाकायचं असेल तर यादी टाइप करून द्यावी, बाप्तिस्म्याच्या नोंदीप्रमाणे. एकाच वर्गात डिसूझा, डिसोझा आणि डीसा असतात, आणि रेक्झिनवर एकदा उमटलेलं अक्षर खोडता येत नाही.