तुरटी फिरवलेली टाकी

२०२४ची हरितालिका. सकाळी साडेसातला कोथरूडच्या आजींचा फोन आला. "अरे, टाकीतलं पाणी ताकासारखं झालंय. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. आधी इकडे ये बाबा."

घरोघरच्या माशांच्या टाक्यांची देखभाल हे माझं रोजचं काम. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात असे फोन दरवर्षी येतात. घराची साफसफाई निघते, पडदे, पंखे, माळे होतात आणि त्याच झपाट्यात टाकीही होते. आजींकडेही रविवारी तेच झालं होतं. सगळं पाणी काढून टाकलं, रेती गरम पाण्याने धुतली, टॉप फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला. टाकी मंगळवारपासून पांढुरकी दिसायला लागली.

तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच टाकी. रेती आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी एकशेतीस लिटरच्या आसपास. त्यात चार ओरांडा गोल्डफिश, तीन वर्षांचे, चांगले मुठीएवढे.

मी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरलं. हिरवट झाक असती तर शेवाळ म्हटलं असतं, आणि रेतीची धूळ असती तर ती अर्ध्या तासात तळाला बसली असती. हे तसंच राहिलं, दुधाचा थेंब पडल्यासारखं एकसारखं. म्हणजे जिवाणूंची वाढ. स्पंज आणि रेतीच्या बुळबुळीत थरात दोन जातींचे जिवाणू राहतात. एक माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. तो थर रविवारी गरम पाण्याने आणि नळाच्या क्लोरीनने गेला. उरलेल्या खाण्यावर भलतेच जिवाणू भराभर वाढले, पाण्यातला प्राणवायूही त्यांनीच खाल्ला. अमोनियाच्या चाचणीत पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. लिटरला चार मिलिग्रॅम.

अशा वेळी माझा हात आपोआप बादलीकडे जातो. अर्धं पाणी बदलायचं. बादली भरून क्लोरीन मारायला हायपोचे खडे टाकलेही होते. तेवढ्यात रेतीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. असे पुंजके जिवाणूंच्या गढूळपणात मी कधी पाहिले नव्हते. म्हणून पीएच बघितला; तो जितका कमी, तितकं पाणी आम्लधर्मी. आजींच्या नळाला एरवी ७.६ असतो, चाचणीत निळं येतं. टाकीचं पाणी पिवळट आलं, ६.४.

"आजी, पाण्यात काही घातलंत का?"

त्यांनी ओट्यावरून तुरटीचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला. झिजून गुळगुळीत झाला होता. "काल फिरवली. माहेरी पावसाळ्यात आडाचं पाणी गढूळ झालं की आई हेच करायची. रात्री जरा निवळलंही होतं रे."

आजींचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मातीने गढुळलेल्या पाण्याला तुरटीच लागते, जलशुद्धीकरण केंद्रातही तीच वापरतात. इथे गढूळपणा जिवंत होता, एवढाच फरक. तुरटीतलं ॲल्युमिनियम आम्लधर्मी पाण्यात कल्ल्यांना जाचतं. पण त्याच आम्लतेने एक गोष्ट साधली होती. अमोनियाचा जहाल भाग पीएच एकाने वाढला की जवळजवळ दहापट होतो. ६.४ला तो नगण्य असतो. मी ७.६चं अर्धी टाकी पाणी एकदम ओतलं असतं तर चारही मासे माझ्या हाताने गेले असते. बादली धरलेली माझी बोटं गार पडली होती.

बादली बाजूला ठेवली. पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारे दोन एअर स्टोन लावले, खाणं पूर्ण बंद केलं. पंधरा पंधरा लिटर पाणी सकाळ-संध्याकाळ, तेही नळीने थेंब थेंब. घरी जाऊन माझ्या जुन्या टाकीतला काळपट, मळका स्पंज तिथल्याच पाण्यासकट पिशवीत आणला आणि आजींच्या फिल्टरमध्ये बसवला. "हा घाण स्पंज?" आजींनी विचारलं. म्हटलं, "आजी, हेच तुमच्या टाकीचं विरजण."

चतुर्थीला सकाळी लाल टोपीचा सगळ्यात मोठा मासा फिल्टरच्या पाइपमागे आडवा सापडला. बाहेर प्राणप्रतिष्ठेची तयारी चालली होती. आजींनी तो स्वतःच्या हाताने उचलला आणि तुळशीच्या कुंडीत पुरला. मला उशीर झाला होता, की त्याचे कल्ले आधीच गेले होते, हे मला अजून कळलेलं नाही.

बाकीचे तिघे जगले. गौरी आल्या त्या मंगळवारी टाकीमागच्या भिंतीवरची फुलं आरपार दिसली. पण पाणी काचेसारखं झालं म्हणून मी सोडलं नाही. त्याच दिवशी नायट्राइटची चाचणी जांभळी आली. नायट्राइट रक्तात जाऊन प्राणवायू वाहणं बंद पाडतं. मिठातलं क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. म्हणून जाडं मीठ, लिटरला एक ग्रॅम, तीन हप्त्यांत विरघळवून घातलं. चाचणीचा रंग पुन्हा आकाशी, म्हणजे नायट्राइट शून्य, व्हायला आणखी बारा दिवस लागले.

घटस्थापनेच्या आधी आजींनी परत बोलावलं. गेलो तेव्हा त्या मोरीत पाटावर बसल्या होत्या. समोर टाकीतूनच काढलेलं बादलीभर पाणी, आणि त्यात त्या स्पंज दोनदाच हलक्या हाताने दाबत होत्या.